पट्टीत काय लिहिलंय

शेवंतीला वाचता येत नव्हतं, आणि ही गोष्ट तिने एवढ्या वर्षांत एका महादूशिवाय कुणाला कळू दिली नव्हती. महादू तिचा नवरा. लग्नानंतरच्या पहिल्याच जत्रेत त्याने तिला देवळाबाहेरच्या फलकावरचं काहीतरी विचारलं, तिने भलतंच उत्तर ठोकून दिलं, आणि काय ते ओळखून त्याने ती गोष्ट पोटात घातली ती घातलीच. बाकी जगाच्या लेखी शेवंती म्हणजे तोंडाची फटकळ, हिशेबाची पक्की आणि डोळ्यांनी जराशी अधू अशी मासेवाली होती.

डोळ्यांचं असं, की तिने मालवणच्या बाजारातून एक चष्मा घेतला होता. तो घेतलाच होता मुळी घरी विसरण्यासाठी. बँकेत, पोस्टात, शाळेत कुणी कागद पुढे केला की ती कपाळावर हात मारायची, “अरे देवा म्हाराजा! चष्मो घराक रवलो. वाचून दाखव गो जरा.” मुलीसाठी, तन्वीसाठी, युक्ती निराळी. ती पहिलीत गेली तेव्हापासून विजेचं बिल, लग्नाची पत्रिका, शाळेची सूचना, शेंगदाण्याच्या पुडीचा कागद, जे हाती येईल ते तिने मोठ्याने वाचायचं आणि आईने मान डोलवायची. “मोठ्यान वाच. वाणी स्वच्छ होता,” असं शेवंतीचं शास्त्र. शास्त्र खोटं, पण फळ खरं निघालं. तन्वी नववीत आली तोवर वाचनात सगळ्या शाळेत पहिली होती.

आता कुणी म्हणेल, नसेल येत वाचायला, त्यात एवढं काय? त्याने एकदा आमच्या मुलखात येऊन बघावं. इथे शिकलेल्यांचा सुकाळ. मासे विकणाऱ्या बायका गिऱ्हाईक नसलं की पेपर उघडून बसतात आणि सरकारला शिव्या घालतात. अशा गावात “माका वाचूक येणा नाय” म्हणणं शेवंतीला मेल्याहून मेल्यासारखं वाटे. बाजारात तर वाटेच, पण तन्वीसमोर जास्त. पोरीच्या नजरेतून उतरण्याची तिला भीती होती, आणि ती भीती बाळगतच तिने चौदा वर्षं तिला वाढवलं होतं.

त्यात यंदा शाळेत अनुजाबाई आल्या. बाई घाटावरच्या, वयाने लहान, उत्साहाने दांडग्या. मुलांचा अभ्यास पालकांनी फोनवर बघावा म्हणून शाळेने एक ॲप घेतलं आणि ते पालकांना शिकवायचं काम बाईंच्या गळ्यात पडलं. त्यांनी सभा बोलावून बघितल्या. पण शाळेची वेळ आणि मासळीची वेळ यांचं सात जन्मांचं वैर. होड्या लागायच्या वेळी शाळेत कोण जाणार? तेव्हा बाईंनी आपल्याच फोनचा पडदा रेकॉर्ड करून ते व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर पाठवायला सुरुवात केली. व्हिडिओत बाई दिसत नसत, बाईंचा फोन दिसे. बाई जिथे बोट लावतील तिथे एक पांढरा ठिपका उमटे, काहीतरी उघडे, काहीतरी मिटे.

फोनात फोन हा प्रकारच शेवंतीच्या डोक्यावरून गेला. पहिले व्हिडिओ तर मुके होते. ठिपका फिरायचा, अक्षरं उमटायची आणि मागे बासरी वाजायची. शेवंतीला तेवढी बासरी पाठ झाली. व्हिडिओ संपला की सगळे पालक ग्रुपवर अंगठा पाठवत, तशी तीही पाठवी. मग अलीकडे काय झालं कोण जाणे, बाई व्हिडिओत बोलायला लागल्या. “पालकहो, खाली डावीकडे घराचं चित्र आहे, त्यावर बोट लावा. मी करते तसंच करा.” शेवंतीने तसंच केलं, म्हणजे व्हिडिओतल्याच घरावर बोट लावलं. बाई एकदम गप्प. परत लावलं, बाई बोलायला लागल्या. ‘बोट लावलं की घाबरतत वाटता बाई,’ असं मनाशी म्हणत ती कितीतरी वेळ बाईंना गप्प करत आणि बोलतं करत बसली. मग तन्वीने येऊन सांगितलं, की आये, व्हिडिओत नाय, ॲपात बोट लावचा. पण ते काही असो, बाई बोलायला लागल्यापासून शेवंतीला थोडं थोडं उमगू लागलं होतं. हिरवं बटण दाबलं की आपण अभ्यास बघितला असं शाळेला कळतं, एवढी मजल तिने मारली होती.

त्या दिवशी सकाळी तन्वी शाळेला गेली, महादू विजयदुर्गाकडच्या बोटीवर गेलेला तो अजून आला नव्हता, आणि शेवंती बाजाराला निघायच्या आधी पडवीत बसून नवा व्हिडिओ बघत होती. ठिपका फिरत होता, बाई सांगत होत्या, आणि मधेच पडद्याच्या वरच्या कडेने एक पांढरी पट्टी सरकन खाली उतरली. पट्टीच्या एका बाजूला वाटोळा फोटो होता आणि त्याच्या शेजारी दोन ओळी अक्षरं. शेवंतीने नीट बघेपर्यंत पट्टी आल्या वाटेने वर गेली. बाईंना त्याचं काहीच नव्हतं, त्या आपल्या घराच्या चित्रावरच होत्या.

फोटो मात्र तिने ओळखला होता. नाकात नथ, कपाळावर चंद्रकोर, स्नेहसंमेलनातली तन्वी.

पहिल्यांदा तिला वाटलं, तन्वीने आत्ताच आपल्याला काही पाठवलं. तिने फोन उलटसुलट केला, काही नाही. व्हिडिओ मागे ओढला. पट्टी परत त्याच जागी उतरली आणि परत गेली. म्हणजे पट्टी तिच्या फोनातली नव्हती, बाईंच्या फोनातली होती. तन्वीने बाईंना काहीतरी लिहिलं, ते नेमकं बाई रेकॉर्ड करत असताना येऊन पडलं, आणि बाईंच्या लक्षातही न येता व्हिडिओबरोबर गावभर गेलं. एवढं शेवंतीला बसल्या जागी कळलं. बोट लावलं की बाई गप्प होतात हे ज्ञान आता कामी आलं. पट्टी खाली उतरल्याबरोबर तिने बोट लावलं. बाई थांबल्या, पट्टी थांबली. शेवंती त्या दोन ओळींकडे बघत राहिली, आणि त्या दोन ओळी तिच्याकडे.

आपल्या पोरीने आपल्याला न सांगता बाईंना काय लिहिलं असेल? नववीतली मुलगी आईला चुकवून बाईंना काय सांगते? ते पोरीला विचारावं तर विचारायचं कसं? लपवण्यासारखं असेल तर पोर आणखी खोल लपवेल. त्यापेक्षा आधी दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं, मग पोरीकडे बघावं, असं तिने ठरवलं आणि मासळीची पाटी घेऊन ती निघाली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

एसटीच्या थांब्यावर शेजारची काशीबाई उभी होती. दोघींमध्ये हद्दीवरच्या एका माडावरून बोलणं बंद होतं, ते कधीपासून हे दोघींनाही आठवत नसेल. तिचा नातू तन्वीच्याच वर्गात. गाडी आली तशी काशीबाई आपणहून म्हणाली, “ही मालवण गाडी गो, शेवंती. मागसून येता ती देवगडची.”

शेवंती बघतच राहिली. ह्या गाडीने ती लग्न होऊन आल्यापासून बाजाराला जात होती. गाडीच्या आवाजावरून ती ड्रायव्हर ओळखे. “माका दिसता, काशीबाय,” ती म्हणाली. काशीबाईने चक्क मान खाली घातली आणि तिला आधी चढू दिलं.

मालवणात उतरल्यावर तिने सासूच्या गोळ्या घेतल्या. दुकानदाराची मुलगीही त्याच वर्गात. त्याने कधी नव्हे ते एका पुडीवर सूर्य काढला, दुसरीवर चंद्र काढला आणि शांतपणे म्हणाला, “ही सकाळची, ही रातची.”

“ह्या चित्र कित्याक?”

“असाच,” तो म्हणाला आणि विनाकारण कपाट पुसायला लागला.

आता शेवंतीची पाचावर धारण बसली. माणसं एवढी गोड केव्हा वागतात? घरात मयत झालं की, नाहीतर कुणाची पोर पळाली की. म्हणजे त्या पट्टीत काहीतरी भयंकर होतं. सगळ्यांनी ते वाचलं होतं, आणि सगळे तिच्याकडे कीव करून बघत होते. कुणी मुलगा असेल का? दुखणं असेल का? की शाळाच सोडायची म्हणत असेल? सकाळी तर घावणे चापून, वेणी घालून हसत गेली होती. पण पळणाऱ्या मुलीसुद्धा हसतच जात असतील, असं वाटून तिला रडूच आलं. ते तिने पदराने पुसलं आणि बाजारात जाऊन पाटी उतरवली.

शेजारी गोदूबाईची जागा. गोदूबाई वयाने मोठी, सातवी पास, आणि दुसऱ्याचं गिऱ्हाईक तोडण्यात हुशार. तिचीही नात त्या वर्गात, म्हणून तीही ग्रुपवर. त्या सकाळी गोदूबाईने आपल्यापुढे थांबलेलं गिऱ्हाईक स्वतः होऊन शेवंतीकडे ढकललं, तेव्हा तर शेवंतीला राहवेना. तिने फोन काढला, पट्टी थांबवली आणि पुढे केला.

“गोदूमावशी, चष्मो घराक रवलो. आमच्या तन्वीन ह्या काय लिवल्यान ता वाच बघू.”

गोदूबाईने फोन हातभर लांब धरला. बघितलं. तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. खाकरली.

“ह्या? ह्या काय नाय गो. ‘बाईंनू, उद्या शाळेत येवचंय नाय, पोटात दुखता.’ इतक्याच.”

“पोटात दुखता?”

“चेडवाची जात. दुखताच कदीतरी.” फोन परत देऊन गोदूबाईने तोंड फिरवलं आणि मोठ्याने हाक दिली, “इसवण घेवा, ताजी इसवण!” तिच्या पाटीत नुसते बांगडे होते.

शेवंती विचारात पडली. पोटात दुखणारी पोर घावणे खाईल का? खाईल एखादे वेळेस. पण पोट दुखतं ह्यासाठी काशीबाई माडाचं भांडण विसरेल का? ते मात्र पटेना. तिने परत व्हिडिओ लावला, परत बाईंना गप्प केलं, परत त्या ओळी न्याहाळल्या. ओळी दोन होत्या, चांगल्या काठोकाठ भरलेल्या. गोदूबाईने वाचलं ते फारच आटोपशीर वाटत होतं.

एवढ्यात बर्फ घेऊन हरिश्चंद्र आला. त्याचा मुलगा तन्वीच्या मागच्या बाकावर. शेवंतीने मासळीचे ओले हात वर धरले. “हरिभाऊ, माझे हात वंगाळ. फोन जरा तुमी धरा आणि ती पट्टी वाचा.”

हरिश्चंद्राने पट्टी बघितली आणि त्याचा चेहरा, वर्गात अचानक प्रश्न विचारल्यावर मुलाचा होतो, तसा झाला. “ह्या मा... ‘बाई, गोष्टीचा पुस्तक घराक इसारलंय, उद्या हाडतंय.’”

“आणि पोटात दुखता ता?”

“कोणाच्या?”

“तन्वीच्या. गोदूमावशीन आत्ताच वाचल्यान.”

हरिश्चंद्राने गोदूबाईकडे बघितलं. गोदूबाईने तराजूकडे बघितलं. “हां हां,” तो घाईने म्हणाला, “ता पण आसा. खाली बारीक अक्षरात.” आणि त्याने बर्फ ओतला, तो पाटीत कमी आणि रस्त्यावर जास्त.

शेवंतीला वाचता येत नव्हतं, पण दिसत होतं. पट्टीत बारीक अक्षरं कुठेच नव्हती. दोन्ही ओळी एकाच मापाच्या. ती इतकी गोंधळली, की एका बाईला तिने बांगडे देऊन पेडव्यांची पिशवीही हातात दिली. पोटदुखी आणि पुस्तक एका पट्टीत कशी येतील? बरं, दोघंही शिकलेले. की एकाला डोळ्यांचा खरोखरच त्रास आहे? अधू डोळ्यांचं सोंग तिने एवढी वर्षं केलं होतं, आता तिला वाटलं, डोळे ह्या दोघांचेच गेले. बाकीची मासळी तिने येईल त्या भावाने देऊन टाकली आणि ती घरी आली. आता पोरीला विचारल्याशिवाय सुटका नव्हती.

तन्वी आली, हातपाय धुतले, चहा घेतला. शेवंतीने पट्टी थांबवून फोन तिच्यापुढे ठेवला आणि शक्य तितक्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, “ह्या वाच. मोठ्यान.”

पालकांचा ग्रुप तन्वीच्या फोनवर नव्हता. तिने पट्टी आत्ताच पहिल्यांदा बघितली. तिचा चेहरा उतरला. “ह्या ग्रुपार इला?”

“वाच.”

तन्वीने फोन जवळ ओढला. मग बक्षीस मिळवणाऱ्या आवाजात, प्रत्येक शब्द सुटा करत तिने वाचलं, “बाई, गणिताच्या चाचणीत मला कमी गुण पडले. आईला सांगू नका.”

गणित! शेवंतीच्या डोक्यावरून केवढं ओझं उतरलं. ना मुलगा, ना दुखणं, नुसतं गणित. ‘पडांदे,’ असं म्हणायला तिने तोंड उघडलंदेखील. आणि ते तसंच उघडं राहिलं.

पोटदुखी, पुस्तक आणि आता गणित. एका पट्टीत तीन माणसांनी तीन गोष्टी वाचल्या होत्या, आणि तिघांनाही वाचता येत होतं. मग तिघं खोटं का वाचतील? आणि वाचतील ते कुणापुढे? ज्याला अक्षर कळतं त्याच्यापुढे असं खोटं वाचायची कुणाची छाती होईल? तो म्हणेल ना, दाखव कुठे लिहिलंय. खोटं वाचायचं ते त्याच्यापुढे, ज्याला ताडून बघता येत नाही. म्हणजे हे तिघंही जाणून होते, की शेवंतीला ताडून बघता येत नाही. काशीबाईने गाडी सांगितली ती त्यासाठी, दुकानदाराने सूर्य काढला तो त्यासाठी. पट्टीत काय लिहिलंय ते शेवंतीला एक अक्षर न वाचता कळलं.

“माझ्याबद्दल लिवलंस,” ती म्हणाली.

तन्वी रडायला लागली.

“रडा नको. जसा लिवलेला आसा तसा वाच.”

तन्वीने नाक पुसत वाचलं, “बाई, आजच्या व्हिडिओत पण सगळं बोलून सांगा हां. आईला वाचता येत नाही. मी सांगितलं हे तिला कळू देऊ नका, तिला...”

“तिका काय?”

“थयसर पट्टी संपता.”

“पण तू काय लिवलं होतंस?”

“तिला खूप वाईट वाटेल,” तन्वी म्हणाली आणि हुंदके देऊ लागली.

शेवंतीला वाईट वाटलंच, पण त्याआधी राग आला. पोरीचा आला, बाईंचा आला, बासरीचासुद्धा आला. मग राग सरला आणि खाली नुसती लाज उरली. बाई बोलायला का लागल्या, तेही आता कळलं. एवढी वर्षं चष्मा विसरला, हात ओले ठेवले, पोरीच्या वाणीचं शास्त्र रचलं, आणि पोरीला ठाऊकच होतं.

“तुका कदी कळला?” तिने विचारलं.

“तिसरीत.”

“कसा?”

तन्वीने रिकामा कप बाजूला सारला. मग म्हणाली, “मी तुका बेडकाचो धडो वाचून दाखवी होतंय. माका कंटाळो इलो. अर्धो धडो मी माझ्या मनाचो वाचलंय. बेडूक शाळेत जाता, डबो खाता, मास्तर तेका छडी मारता. तसा काय नव्हता पुस्तकात. आणि तू म्हटलंस, बरो धडो आसा.”

शेवंतीला तो बेडूक आठवला. तो तिला खरोखरच आवडला होता. छडी मारणाऱ्या मास्तरला तिने शिव्याही घातल्या होत्या.

“मगे मी कोणाक सांगूक नाय,” तन्वी म्हणाली. “बाईंकच सांगलंय. मुके व्हिडिओ तुका कळत नव्हते म्हणान.”

शेवंती उठली, परड्यात गेली, माडाच्या बुंध्याशी उभी राहिली आणि आत आली. बाहेर जाऊनही लाज कमी झाली नव्हती. पण एक गोष्ट तिला लखलखीत दिसू लागली होती आणि तिची तिला लाजेपेक्षा जास्त भीती वाटली. आता सगळे असेच वाचतील. गोड बोलतील, कीव करतील आणि मनात येईल ते वाचतील. बँकेत वाचतील, दवाखान्यात वाचतील. आणि आपण मान डोलवायची, बरो धडो आसा. तन्वीसुद्धा तेच करणार, मायेने करणार, आणि तिचं खरं-खोटं आपल्याला कधीच कळणार नाही.

तिने फोन घेतला. ग्रुपवर बोलून निरोप पाठवायला अक्षर लागत नाही, माईकचं चित्र दाबून धरावं लागतं. गिऱ्हाईकांना मासळी सांगायला ती रोज ते दाबत होती. आज तिने ते ग्रुपवर दाबलं.

“मी शेवंती बोलतंय, तन्वीची आवस. त्या व्हिडिओत पट्टी इली ती तुमी सगळ्यांनी बघितलात. खरा आसा ता. माका वाचूक येणा नाय. आज माका तिघांनी तीन तऱ्हेन वाचून दाखवल्यानी. परत तसा करू नकात. वाचशात तर आसा तसा वाचा, नायतर नाय वाचणा म्हणान सांगा. आणि बाईंनू, तुमी वायट वाटून घेव नकात. व्हिडिओ बरो आसा. तेवढो तो ठिपको जरा हळू फिरवा.”

अंगठा उचलला. निरोप गेला. तन्वी तोंडावर हात ठेवून बघत होती.

शेवंतीने फोन मांडीवर ठेवला. मग टिंग वाजलं, परत वाजलं, आणि मग वाजतच राहिलं. मधेच एकदा बाईंचा आवाज आला, “शेवंतीताई, माझीच चूक झाली हो, मी ती पट्टी बघितलीच नाही.” बाकीचे सगळे लिहीत होते. पडद्यावर अक्षरांच्या रांगा चढत होत्या.

“लिवतत कित्याक मेले?” शेवंती कळवळून म्हणाली. “आत्ताच सांगलंय मा? जीब नाय तेंका?”

“घाबरले असतले,” तन्वी म्हणाली. “मी वाचतंय. गोदूआजी म्हणता, शाब्बास गो शेवंती. हरिश्चंद्रकाका म्हणतत, तुमचा कौतुक वाटता, वैनी. औषधवाले काका म्हणतत, धीराची बाई.” ती पुढच्या निरोपावर आली आणि क्षणभर अडखळली. “काशीकाकी म्हणता... नमस्कार.”

काशीबाई आणि नमस्कार? शेवंतीने पोरीच्या तोंडाकडे बघितलं. तन्वीने नजर फोनमध्ये रुतवली होती.

“आसा तसा वाच.”

“आये, जांवदे ना.”

“वाच म्हणतंय.”

तन्वीने एका दमात वाचून टाकलं, “मगे गेल्या वर्सा शाळेच्या सभेत पयल्या बाकार बसान, फळ्याकडे बघान मान कित्याक हलवी होतंस?”

शेवंतीच्या तोंडावर कुणी मासळीचं पाणी फेकल्यासारखं झालं. तिचे कान तापले. आणि मग तिला हसू फुटलं, दाबलं तरी दाबेना. दिवसभरात इतक्या जणांनी इतकं वाचलं, पण ज्याच्याबद्दल शंका घ्यायला जागा नाही असं हे पहिलंच. ही काशीबाईच, दुसरी कोण?

“लिव तिका,” ती म्हणाली. “मान हलवक वाचूक येवचा लागणा नाय. तू पण हलयतंस.”

तन्वीने लिहिलं. रडता रडता ती हसायला लागली होती.

“आता परत पयल्यापासून वाच,” शेवंती म्हणाली. “माझ्या जीवाक बरा वाटाचा म्हणान नको. आसा तसा.”

तन्वीचं हसू थांबलं. तिने आईकडे बघितलं, मग बोटाने रांग खाली ओढत पहिल्या निरोपापर्यंत नेली. पहिला निरोप गोदूबाईचा होता, आणि त्यात शाब्बास कुठेच नव्हतं.

“गो शेवंती,” तन्वीने हळू आवाजात वाचलं, “आमका पयलीच ठावक होता.”

शेवंतीने फोन आपल्याकडे वळवून ती ओळ बघितली.

“कदीपासून?” तिने विचारलं.

तन्वीने निरोप परत बघितला, खाली बघितलं, वर बघितलं.

“ता लिवूक नाय, आये.”